आंदणाचा गिझर

मामांना कुठं थेंब पडताना ऐकू आला की त्यांचं चालू वाक्य अर्ध्यातच तुटायचं. एरवी त्यांना कमी ऐकू यायचं. चहाला कितीही हाका मारल्या तरी ओ नसायची. पण पलीकडच्या गल्लीतला नळ नीट बंद झालेला नाही, हे त्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळायचं. एकदा शेजारी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता आणि वडीलधारे म्हणून मामांना बैठकीत मधोमध बसवलं होतं. पाहुण्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं आणि मामा ताडकन उठून आत निघून गेले. म्हातारा कशावरून तरी बिथरला असं वाटून पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मामा मोरीतला नळ आवळून परत आले, ओले हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "हां, पोरगी बीए झाली. फुडं?" लग्न जमलं. पण त्या घरातला तो नळ नंतर कुणालाच उघडता येईना, तेव्हा पुन्हा मामांनाच बोलवावं लागलं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांची नोकरी गुरांच्या दवाखान्यात, ड्रेसरची. जनावरांच्या जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. पण डॉक्टर फिरतीवर असले की लोक मामांनाच डॉक्टर म्हणायचे, आणि डॉक्टर बहुतेक फिरतीवरच असायचे. रिटायर झाल्यावर दवाखाना सुटला, डॉक्टरकी सुटली नाही. जनावरं हाताशी उरली नाहीत म्हणून ते घरातल्या यंत्रांकडे वळले. आमचा फ्रिज रवंथ करायचा, मिक्सर हंबरायचा आणि मोटारसायकल मागच्या पायानं लंगडायची. "जनावर बोलत न्हाई बाई, आपणच वळखायचं असतंय," असं म्हणत ते प्रत्येक वस्तूच्या पोटावर हात फिरवायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मामांना आवरणारं घरात कुणी नव्हतं. आमचे हे आपल्या खताच्या दुकानात बसायचे, आणि फोनवर वडिलांचा विषय निघाला की त्यांच्याकडे हमखास गिऱ्हाईक यायचं.

या सगळ्या कळपात मामांचा जीव होता तो गिझरवर. गिझर माझ्या आंदणातला. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, राणीसावरगावचे. दिवाळी झाली की ते आणि आई ऊस तोडायला कारखान्याच्या मुलखात जायचे. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर असायचे. थंडीत पहाटे पाटाच्या पाण्यानं अंग धुताना मी जे रडायचे, ते दादांच्या कानात कायमचं बसलं. पुढं त्यांनी मला गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवलं, मी शिकले, शाळेत मराठीची शिक्षिका झाले. पण दादांच्या डोक्यातून ते गार पाणी काही गेलं नाही. कुण्या बागायतदाराच्या घरी त्यांनी भिंतीवरचा गिझर पाहिला आणि माझ्या लग्नात कपाट नको, पलंग नको, गिझरच द्यायचा, असं ठरवून टाकलं. हंगाम संपवून माणसं परतली त्या ट्रकमधून, संसाराच्या बोचक्यांवर, गोधडीत गुंडाळून तो गावी आला. दादांनी पेंटरकडून त्यावर लाल रंगात लिहून घेतलं: 'चि. सौ. कां. सुनीता हिस आईवडिलांकडून सप्रेम भेट.'

मांडवात आंदण मांडलं तेव्हा सासरच्या भावकीत हशा पिकला. कारण जिंतूरच्या आमच्या घराला न्हाणीघरच नव्हतं. मागच्या अंगणात एक फरशी आणि तिला पत्र्याचा आडोसा, एवढाच कारभार. "टाकी आणली सुनेनं. आता टांगायची कुठं, लिंबाला?" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. दादा खाली बघत उभे राहिले. तेव्हा मामा पुढं झाले, गिझरच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इवाई, तुमची लेक माझ्या घरात गार पाण्यानं न्हाणार न्हाई. आन् मी हाय तवर ही वस्तू भंगारात जाणार न्हाई. माझा शब्द हाय." पुढच्या सगळ्या भानगडी या शब्दातून निघाल्या.

शब्द पाळायचा तर आधी न्हाणीघर हवं. मामांनी ते बांधलं, पण गिझरच्या मापानं. गवंडी माणूस उभा राहील एवढी जागा मोजायचा आणि मामा म्हणायचे, "माणसाचं सोड, ह्याला कुशी बदलायला जागा ठेव." बांधून झालं तेव्हा वर गिझर ऐसपैस आणि खाली मी अंग चोरून, अशी अंघोळ सुरू झाली. सकाळी वीज असली तर टाकीत पाणी नसायचं, पाणी असलं तर वीज नसायची, आणि दोन्ही असलं तर आत मामा असायचे. गिझर सुरू करण्याआधी त्याला तपासायचा त्यांचा नेम होता. कान लावायचे, बोटांनी टकटक करायचे, पाइप चिमटीत धरून डोळे मिटून उभे राहायचे. "आज पान्हा चोरायलाय," असा निकाल लागला की मी समजायचे, आज पाणी कोमट.

वर्षं गेली तसा गिझरही म्हातारा झाला. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की पातेल्यात पांढरा थर धरतो. मग गिझरच्या पोटात काय झालं असेल! तो तापताना गुरगुरायला लागला. मग गळायला लागला, आधी पाइपच्या जोडातून, नंतर नळाच्या मानेतून, नंतर तर कुठून ते कळेना. मामांनी प्रत्येक जागी उपचार केले. सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुतळी, पांढरी टेप आणि ती दोन रंगांची, कालवून लावायची सीलची वडी. आधी जागा पुसायची, फुंकर मारायची, मग लेप, आणि वरून कापडी बँडेज. थोड्याच दिवसांत आमचा गिझर मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसासारखा दिसायला लागला. घरी आलेल्यांना मामा न्हाणीघरात नेऊन कुठली पट्टी कुठल्या दुखण्याची ते समजावून सांगायचे. 'सप्रेम भेट' वर गंज चढला की स्वतः ब्रश घेऊन ती अक्षरं पुन्हा लाल करायचे.

मला नवा गिझर हवा होता. माहेरच्या वस्तूवर बाईचा जीव असतो असा लोकांचा समज आहे, म्हणून हे स्पष्ट सांगते. माझी शाळा सकाळची, आणि दादांचं प्रेम माझ्या पाठीवर गार पडायचं. शेवटी मी रशीदभाईंना बोलावलं. गावातले नावाजलेले मेकॅनिक, पण त्यांनी काही दुरुस्त केल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. वस्तू कुठलीही असो, ते दारातूनच बघायचे आणि म्हणायचे, "टाइम हो गया इसका. नया बिठाव." गिझर बघूनही तेच म्हणाले.

"हात लावून तरी बघितलं का?" मामांनी विचारलं.

"हात क्या लगाना चाचा, शकलइच दिखरी ना."

"मंग माझी शकल बघून काय म्हणशील? माझाबी टाइम झाला का?"

रशीदभाई चहा न घेताच गेले. मामांनी गिझरला नवीन बँडेज बांधलं आणि माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी मी भाकरी वाढली तेव्हा ताटाकडे बघत म्हणाले, "बाई, म्हातारं झालं म्हणून जनावराचं दावं सोडून कुणी हाकलून देतंय का?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मग संक्रांत जवळ आली. वयामुळं दादांनी उसाला जाणं सोडलं होतं, आणि यंदा ते तिळगूळ घेऊन आमच्याकडे येणार होते. मामांनी गिझरची एकेक गळती हटवत आणली, एकच राहिली. गिझरला एक बारकी पितळी तोटी असते. आत दाब वाढला की ती थेंब थेंब पाणी सोडते, त्यासाठीच ती बसवलेली असते. हे आज मला माहीत आहे. तेव्हा मामांना एवढंच दिसत होतं, की खाली ठेवलेली वाटी सारखी भरते आहे. इतक्या दुखण्यातून उठवलेलं जनावर, आणि व्याह्यांसमोर लाळ गाळत उभं राहणार! दादा यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ती तोटी सीलच्या वडीनं लिंपून टाकली, वरून पट्टी आवळली आणि मला हाक मारली. "ये, आता एक थेंब दाखव मला." थेंब नव्हता. मीही त्यांचं कौतुक केलं, कारण ती टिपटिप ऐकून माझंही डोकं उठलं होतं.

सकाळी मी डबा भरत होते आणि गिझर सुरू होता. पाणी तापलं की आपोआप बंद होणारा त्याचा खटका क्षारानं कधीच जाम झाला होता, पण ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. न्हाणीघरातून असा आवाज यायला लागला की हे अर्ध्या दाढीचा फेस घेऊन बाहेर आले. मामा आत गेले, सवयीनं कान लावायला वाकले आणि चटका बसून मागं सरले. मग त्यांनी बोटांनी टकटक केली. टचटचीत भरल्या पोटाचा तो आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता.

"पोटफुगी!" ते ओरडले. "आरं, पोटफुगी हाय ही! मेन बंद कर! सरका समदे!"

यांनी मेन स्विच पाडला, मामा उंबऱ्याबाहेर आले, आणि कापड फाटावं तसा आवाज होऊन गिझरचा तळ उसवला. उकळतं पाणी न्हाणीघरभर पसरलं, वाफेनं दार दिसेना. थोड्याच वेळात मी तिथं अंघोळीला उभी असते. वाफ निवल्यावर मामा आत जाऊन उभे राहिले. पट्ट्या लोंबत होत्या. "फुगलेल्या बैलाच्या पोटातली हवा सोडण्यात जल्म गेला माझा," ते म्हणाले, "आन् घरच्या जनावराचं तोंड मीच बांधलं." कुणाला लागलं नाही हे महत्त्वाचं, असं मी म्हणाले, आणि आता नवा गिझर येणार हा आनंद तोंडावर दिसू नये म्हणून लगबगीनं शाळेला निघाले.

विम्याचं जनावर दगावलं की त्याच्या कानातला बिल्ला काढून जमा करावा लागतो. बिल्ला नसेल तर जनावर मेलं असं कुणी मानत नाही. नोकरीत मामांनी असे कितीतरी बिल्ले काढले होते. मी गेल्यावर त्यांनी गिझरच्या अंगावरची नंबराची पत्र्याची पट्टी स्क्रू काढून वेगळी केली, रुमालात बांधली आणि स्टँड गाठलं. व्याह्यांनी येऊन बघण्याआधी आपण जाऊन सांगायचं, असा त्यांचा हिशेब. निघताना दादांना फोन केला, "इवाई, तुमी निघू नका. लय वाईट झालंय. फोनवर सांगण्यासारखं न्हाई, मीच यायलोय." आणि बसमध्ये बॅटरी उतरते म्हणून नेहमीसारखा फोन बंद करून टाकला.

दादांनी मला फोन लावला. मी वर्गावर, फोन पर्समध्ये. यांना लावला, वडिलांचा विषय असणार हे ओळखून यांच्याकडे गिऱ्हाईक आलं. मग राणीसावरगावात जे व्हायचं ते झालं. परभणी, गंगाखेड अशा बस बदलत मामा पोचेपर्यंत माहेरच्या अंगणात अख्खी गल्ली जमली होती, आई भिंतीला टेकून रडत होती आणि कुणीतरी जिंतूरला जायला जीप ठरवायला गेलं होतं. मामा खांदे पाडून आत आले. बातमी आपल्या आधीच पोचली, असं त्यांना वाटलं, आणि गिझरसाठी एवढी माणसं आलेली बघून त्यांना भरून आलं. ते दादांसमोर बसले आणि रुमाल सोडला.

"हा बिल्ला," मामा म्हणाले.

"माझी लेक..." दादा पट्टीकडे बघत म्हणाले.

"लेक? लेक साळंला गेली की. गिझर गेला, इवाई. माझ्याच हातानं गेला."

मग आईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि मामांना जे सुनावलं, ते व्याह्यांना सुनावायची आमच्यात रीत नाही. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. गल्ली हसत हसत पांगली. दादा मात्र हसले नाहीत. ती पट्टी हातात घेऊन बसून राहिले आणि मग एवढंच विचारलं, "मंग लेक आता कशानं न्हायाची?"

"चुलीवर पाणी तापवायचं. मी तापवतो," मामा म्हणाले. "गिझर गेला म्हणून माझा शब्द जातोय का?"

दादांनी आईला चहा टाकायला सांगितला. हे सगळं मी नंतर आईकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की मीच तिथं होते असं वाटतं.

आणि मामांनी खरंच पाणी तापवलं. आमचे हे त्याच आठवड्यात नवा गिझर आणणार होते, पण मामांनी अडवलं. "दात बघितल्याबिगर जनावर घेत न्हाईत," म्हणून ते दुकानोदुकानी फिरले. प्रत्येक गिझरला कान लावला, टकटक केली, मागून पुढून न्याहाळला. जिंतूर झालं, परभणी झालं. दुकानदार त्यांना लांबूनच ओळखायला लागले आणि जेवायची वेळ झाली म्हणून सांगायला लागले. तोवर रोज पहाटे मागच्या अंगणात तीन विटांवर पातेलं चढायचं. सासरा सुनेच्या अंघोळीचं पाणी तापवतो म्हणून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मामा त्यांनाच विचारायचे, "तुमच्यात कोण तापवतंय? कुणीच न्हाई?" पाणी तापलं की ते त्यात हाताचं कोपर बुडवायचे; वासराला पाजायचं दूधही ते तसंच बघत आले होते. मग न्हाणीघराच्या दाराशी बादली ठेवून खाकरायचे आणि म्हणायचे, "घे बाई, झालं." इतक्या वर्षांत गिझरनं मला एकदाही इतकं नेमकं पाणी दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या पाण्यानं अंघोळ करताना मी रडले.

थंडी सरता सरता नवा गिझर आला. पाणी किती तापलं त्याचा आकडा दाखवणारा, तांबडा हिरवा दिवा लागणारा. मामांचा त्याच्यावर कधीच विश्वास बसला नाही. "आकडा काहीबी सांगंल, कोपर काय म्हणतंय ते बघ," असं ते दाराबाहेरून ओरडायचे. जुन्या गिझरचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी विचारूच दिला नाही. रशीदभाईंना बोलावून त्याच्या टाकीचा चांगला उरलेला अर्धा भाग कापून घेतला, म्हणजे रशीदभाईंना एकदाचा एका वस्तूला हात लावावा लागला. त्याची फाटकाजवळ गुरांना पाणी प्यायची कुंडी केली आणि तिच्यावर लाल रंगानं जुनीच अक्षरं लिहिली. तेव्हापासून गावातल्या मोकाट गाई 'चि. सौ. कां. सुनीता हिस' दिलेलं पाणी पितात, आणि मी शाळेतून येताना एखादी वाटेत आडवी उभी असली तर तिची परवानगी घेऊन आत जाते. वस्तू भंगारात गेली नाही, हे मामा येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. सकाळी उन्हात खाट टाकून पडले होते. मी भाजी निवडत होते, तर म्हणाले, "बाई, मोरीतला नळ गळायलाय बघ." मी उठून आत गेले. नळ गळत नव्हता. तरी मी तो आवळला, कारण नाहीतर त्यांनी मला पुन्हा पाठवलं असतं. परत आले तोवर मामा गेले होते.

राणीसावरगावहून दादा येईपर्यंत सगळं थांबलं होतं. शेवटच्या अंघोळीसाठी यांनी नव्या गिझरची बादली भरून आणली. दादांनी ती बाजूला सारली. "त्या आकड्याच्या पाण्यानं न्हाई," ते म्हणाले. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी त्याच तीन विटा मांडल्या, लाकडं रचली आणि उसाच्या फडावर पहाटे पेटवायचे तशी, वाऱ्याला पाठ देऊन चूल पेटवली. पातेलं ठेवताना बोलले ते एवढंच, "माझ्या लेकीला ह्या माणसानं गार पाणी लागू दिलं न्हाई."

अंधार पडायच्या आत उरकावं म्हणून भावकीची घाई चालली होती. "पाणी झालं का? झालं का पाणी?" कुणीतरी सारखं विचारत होतं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याशी वाकले, बांगड्या वर सारल्या आणि पाण्यात कोपर बुडवलं. पाणी झालं होतं. मामा द्यायचे तसंच, नेमकं.

"अजून जरा," मी म्हणाले.